शाळेची माहिती हा उपकार नव्हे, पालकांचा हक्क आहे

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. आमच्या समाजाने तो शिरोधार्य मानला. पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी कर्ज काढून, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून आमच्या माताभगिनींनी मुलांना शाळेत घातले. पण शाळेत घातल्यानंतर पुढे काय? मूल सकाळी दप्तर घेऊन फाटकातून आत जाते आणि संध्याकाळी बाहेर येते. मधल्या वेळात आत काय घडते याची खबर आमच्या किती घरांना असते? वर्गावर शिक्षक आहे की जागा रिकामी आहे, मुलाला धडा वाचता येतो की त्याने तो नुसता पाठ केला आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे गेला की कपाटात पडून आहे, खिचडी चुलीवर शिजते की फक्त रजिस्टरवर, यातले काहीच पालकाला ठाऊक नसते. शाळेतून त्याला बोलावणे येते ते बहुधा दोनच वेळी. पोराने काही आगळीक केली तर, किंवा कुठल्या तरी कागदावर सही-अंगठा हवा असेल तर.

वरवर ही बाब किरकोळ वाटते. प्रत्यक्षात आमच्या मुलांच्या शिक्षणाचे वाटोळे जिथे होते ती जागा हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक आकडा सरकारच्या तोंडावर फेकला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, हा तो आकडा. शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर प्राथमिक शिक्षणावर केलेला खर्च वाया जातो, असा त्यांचा मुद्दा होता. दाखला घेतला म्हणजे शिक्षण झाले, असे त्यांनी कधीही मानले नाही.

आज पटावर नाव नाही असे मूल शोधावे लागते, हे खरे. पण गळती अशी एका दिवसात होत नाही. आधी मूल आठवड्यातून एक दिवस चुकवते, मग दोन दिवस. गणितात मागे पडते, वर्गात हसे होते, म्हणून आणखी चुकवते. आई पहाटे कामावर गेलेली, बाप बिगारीवर. दोघांनाही वाटते पोरगा शाळेत आहे. हजेरीपटावर मात्र गैरहजेरीचे शेरे पडत राहतात आणि ते शेरे घरापर्यंत कधी पोहोचत नाहीत. घराला कळते तेव्हा वर्ष गेलेले असते.

जी मुले नियमित जातात त्यांचीही कथा वेगळी नाही. २०१० नंतर आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले, गुणांच्या जागी श्रेणी आल्या. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने त्यात चांगले हेतू होते, ते आम्ही नाकारत नाही. पण सातवीपर्यंत शिकलेल्या बापाला १०० पैकी ३२ मिळाले म्हणजे काय ते कळत होते. ‘ब-२’ म्हणजे काय, हे त्याला कुणी बसवून सांगितले? ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा वाचून तो निर्धास्त राहिला. पुढे २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मूल त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्रानेही या दोन वर्गांसाठी वार्षिक परीक्षेचा मार्ग स्वीकारला. म्हणजे चार वर्षे घराला अंधारात ठेवायचे आणि पाचव्या वर्षी एकदम मूल नापास म्हणून सांगायचे! याचा फटका ज्यांच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत नाही त्यांनाच बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण पुष्कळ पालकांना आणि काही मुख्याध्यापकांनाही ते माहीत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्या पंक्तीलाच आणखी एक कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती व इतर संबंधित माहिती पालकांना द्यायची. हे वाक्य प्रत्येक वस्तीत मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. पालकाला माहिती देणे ही गुरुजींची मेहेरबानी नाही. ते त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट संविधानाची. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आणून ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ५१-अ मध्ये पालकांवर मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्यही टाकले. पालकाने कर्तव्य पार पाडावे अशी अपेक्षा असेल, तर त्यासाठी लागणारी माहिती त्याला नको का? डोळ्यांवर पट्टी बांधून राखणदारी कशी करायची?

तिसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाचा विनियोग तपासणे ही तिची कामे. केंद्राच्या २०१०च्या नियमांत तर महिन्यातून किमान एक बैठक घ्यावी आणि इतिवृत्त लोकांना पाहायला उपलब्ध असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. कागदावर ही समिती म्हणजे शाळेतली लोकशाहीच!

प्रत्यक्षात काय दिसते? पालकसभेची दवंडी नाही, नोटीस फळ्यावर लागते ती सभा झाल्यावर. गावातल्या वजनदार घराण्याच्या मर्जीतले चार जण ठरतात. आमच्या वस्तीतली एखादी मोलमजुरी करणारी बाई सदस्य म्हणून घातली जाते, कारण आरक्षण दाखवायचे असते. तिच्या हाती रजिस्टर येते तेव्हा पान कोरे असते. ‘ताई, इथं सही करा, आम्ही नंतर लिहून घेतो.’ तिच्या सहीवर खर्च मंजूर होतो, तिच्या सहीवर सगळे आलबेल ठरते, आणि ती सदस्य आहे हे तिच्या स्वतःच्या वस्तीलाही माहीत नसते. प्रतिनिधित्वाची ही चेष्टा आहे.

‘आम्ही बोलावतो, पण पालकच येत नाहीत,’ हे उत्तर ठरलेले. सभा ठेवायची कामाच्या दिवशी अकरा वाजता आणि मग मजूर आला नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवायचे! त्याची दिवसाची मजुरी कोण भरून देणार? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना, वीटभट्टीवरच्या कुटुंबांना निरोप कोण पोहोचवणार? हल्ली सूचना मोबाइलच्या ग्रुपवर टाकली की कर्तव्य संपले असे समजतात. ज्या घरात एकच साधा फोन आहे आणि तोही बापाच्या खिशात, त्या घराला सूचना मिळाली असे कसे म्हणता येईल? २०२० साली कोरोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा कुणाच्या घरी शाळा पोहोचली आणि कुणाच्या नाही, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि एक न बोललेले कारणही आहे. शाळेत गेल्यावर ज्याला उभे ठेवले जाते, एकेरीत बोलले जाते, ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प केले जाते, तो पुन्हा त्या पायरीवर कशाला येईल?

सुभेदार रामजींचे उदाहरण आम्ही नेहमी देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले, तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण रामजी स्वतः पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण विसरतो. पोराचा अभ्यास कुठे अडतो हे त्यांना कळत होते. ज्यांना अक्षराची ओळख नाही अशा पालकांकडून रामजींची अपेक्षा करायची असेल, तर शाळेनेच त्यांच्यापर्यंत चालत गेले पाहिजे. माहिती त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला, तोंडी सांगितली पाहिजे.

सगळ्याच शिक्षकांना आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. वस्तीत फिरून मुले गोळा करणारे, स्वतःच्या खिशातून वह्या घेऊन देणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. कलम २७ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले, तरी माहिती भरण्याच्या आणि फोटो पाठवण्याच्या कामात त्यांचा दिवस जातो, हेही खरे. गंमत अशी की शाळेची बारीकसारीक माहिती मंत्रालयापर्यंत जाते, फक्त शाळेसमोरच्या वस्तीत येत नाही. आमच्या समाजातून पुढे गेलेल्या शिक्षक बंधुभगिनींनी याचा विशेष विचार करावा. समाजाचे ऋण फेडायचे ते आणखी कुठे?

मग करायचे काय? समाजबांधवांनो, मोर्चा काढण्याआधी शाळेत जा. एकटे जाऊ नका, पाच-सात पालक मिळून जा. पुढच्या गोष्टी शांतपणे विचारा. या महिन्यात माझे मूल किती दिवस हजर होते? त्याला मराठी परिच्छेद वाचता येतो का, भागाकार येतो का, माझ्यासमोर करून दाखवता का? समितीवर कोण कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवता का? यंदा अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले? पाचवीपासूनच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, माझ्या मुलीचा अर्ज भरला का? पोषण आहार शिजवायला कोण आहे? कारण स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४चा आदेश आहे. मुलांना जेवायला एकाच पंगतीत बसवतात का, तेही डोळ्यांनी पाहून या.

उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा आणि पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार देता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज तर आहेच. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेवढेही लागत नाहीत. ज्यांची मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहेत त्यांना कलम २१ची समिती मिळत नाही, पण राज्याच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती तिथेही बंधनकारक केली आहे. शुल्कवाढ तिच्यापुढे यावी लागते. फी भरणाऱ्याने तिथे गप्प बसायचे कारण नाही.

आणि एक काम आपले स्वतःचे आहे. प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास शाळेसाठी ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी प्रगतिपुस्तके घेऊन बसावे आणि प्रत्येक आईला तिच्या मुलाची श्रेणी, हजेरी समजावून सांगावी. कोणत्या मुलाला वाचता येत नाही ते तिथेच कळेल. शाळेची पालकसभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवावी, असा ठराव करून मुख्याध्यापकांना द्यावा. समितीच्या पुढच्या निवडीत आपल्या ज्या माताभगिनी जातील त्यांना आधी कायदा समजावून सांगा, आणि कोऱ्या पानावर सही करायची नाही एवढी एकच शपथ द्या.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी गाऱ्हाणे मांडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. बाबासाहेबांनी शाळेत गेलेल्या मुलाचे पुढे काय होते याचा हिशेब सरकारला विचारला. तो हिशेब विचारण्याची पाळी आता प्रत्येक आईबापाची आहे. शाळेचे फाटक आपल्या पूर्वजांसाठी बंद होते. आज ते उघडे आहे, तर फक्त मुलाला आत सोडून माघारी फिरू नका. तुम्हीही आत या, आणि विचारा.