डुकराच्या पिल्लांचे मागचे पाय लुळे का पडतात?



शेतीला जोड म्हणून तुमच्यापैकी काहीजण डुकरं पाळतात. एका वेताला आठ-दहा पिल्लं होतात आणि वर्षाच्या आत विक्रीला येतात. अडीअडचणीला हातात रोकड पडते. पण कधी कधी असं होतं, की चांगली वाढीला लागलेली पिल्लं चालताना झोकांड्या खाऊ लागतात. मागचा भाग डुलतो, पाय एकमेकांत अडकतात. एक ते तीन आठवड्यांत जनावर कुल्ल्यावर बसतं आणि पुढच्या पायांनी फरफटत जातं. कुणी म्हणतं वारं गेलं, कुणी म्हणतं नजर लागली. अंगारा-धुपारा होतो, आणि तेवढ्यात दुसरं पिल्लू डुलायला लागतं.

अशा वेळी आधी तुमच्या खाद्याच्या टोपल्यात काय आहे ते पाहा. खाद्यात तांब्याची उणीव असली तरी असंच होतं.

तांब्याचा आणि पायांचा काय संबंध?

विहिरीवरच्या मोटारीची वायर डोळ्यांपुढे आणा. आत तार असते, वर वेष्टण असतं. वेष्टण कुजलं की वीज मध्येच गळते आणि मोटार नीट चालत नाही. शरीरातल्या मज्जातंतूंचंही तसंच आहे. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून पायांपर्यंत नेणाऱ्या या तंतूंवर स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं. ते तयार व्हायला आणि टिकायला शरीराला किंचित तांबं लागतं. तांबं कमी पडलं की कण्यातल्या तंतूंचं वेष्टण विरतं, आणि हुकूम मागच्या पायांपर्यंत धड पोचत नाही.

मेंढीच्या कोकरांमध्ये हा रोग फार जुना. कोकरांचे पाय लुळे पडण्यामागे तांब्याची उणीव आहे, हे पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३७ साली दाखवून दिलं गेलं. डुकरांमध्ये तो कमी दिसतो, आणि दिसला तर बहुधा चार ते सहा महिन्यांच्या वाढत्या जनावरांत दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. एकदा पाय पूर्ण गेले, की मागाहून तांबं देऊन ते परत येत नाहीत. म्हणून या रोगावर खरा उपाय रोगाच्या आधीच करायचा असतो. एक पिल्लू डुलू लागलं तर त्याच्याबरोबरची बाकीची पिल्लं वाचवायला धावा.

उणीव कोणत्या पिल्लांना पडते?

मोकळं डुक्कर दिवसभर माती उकरतं, मुळ्या खातं. त्यातून त्याला थोडीफार खनिजं मिळतात. सिमेंटच्या कोब्यावर कोंडलेल्या पिल्लाला तुम्ही द्याल तेवढंच मिळतं. नुसता भाताचा कोंडा, नुसतं हॉटेलचं खरकटं किंवा नुसता मका यावर वाढवलेल्या पिल्लांना खनिजं कमी पडण्याची भीती जास्त. दुसरं असं, की एखादं खनिज बेसुमार झालं तरी ते दुसऱ्याच्या आड येतं. जस्त किंवा लोह फार झालं तर तांबं अंगी लागत नाही. चुना फार झाला तर जस्त अंगी लागत नाही आणि कातडीवर खपल्या धरतात. त्या खपल्या पुष्कळदा खरूज समजून लोक नुसतं तेल चोळत बसतात.

म्हणून जनावरं मोकाट सोडायची का? मुळीच नाही. मोकाट डुक्कर घाण खातं, जंत घेतं, साथीचे रोग आणतं. त्याला कोंडूनच पाळा, पण खनिजं हाताने द्या.

पाय डळमळण्याची कारणं कशी ओळखाल?

प्रत्येक डुलणाऱ्या पिल्लाला तांबंच कमी पडलेलं असतं असं नाही. पुढील खुणा नीट पाहा.

१. पिल्लू दोन-तीन दिवसांचं आहे, अंग गार आहे, थरथरतं, पाय झाडतं: ते बहुधा उपाशी आणि गारठलेलं आहे. त्याला ऊब द्या, गिळत असेल तर ग्लुकोजचं कोमट पाणी थोडं थोडं पाजा आणि आईच्या थानाला लावा.

२. दूध तोडल्यावर एक-दोन आठवड्यांत पापण्या सुजल्या, तोल गेला आणि चांगलं पोसलेलं पिल्लू अचानक मेलं: हा आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा सुजेचा रोग असू शकतो. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

३. पाय वाकडे झालेत, सांधे जाड झालेत, उभं राहताना पिल्लू ओरडतं: हा हाडांचा दोष. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं.

४. अंगात ताप आहे, कान-पोट लाल-जांभळं झालंय, लहानमोठी सगळीच जनावरं आजारी आहेत: ही साथ समजा. हॉग कॉलरा असेल, किंवा २०२० साली भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाईन फीवर असेल. जनावर विकू नका, कापू नका, हलवू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

५. ताप नाही, खाणं चालू आहे, दुखत नाही, पण मागचा भाग दिवसेंदिवस जास्त डुलतो: आता तांब्याच्या उणिवेचा संशय घ्या. खात्री हवी असेल तर मेलेल्या पिल्लाचं यकृत, म्हणजे काळीज, डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेत तपासून घेता येतं.

मिठाचं विसरू नका

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच हातचं आहे. लोणच्याचा खार, खारवलेल्या मासळीचं पाणी किंवा खारट खरकटं डुकरांना घातलं आणि वर प्यायला पाणी कमी पडलं, तर मीठ मेंदूला बाधतं. पाणी मुळीच मिळालं नाही तर नेहमीच्या खाद्यातलं मीठसुद्धा बाधतं. जनावर आंधळ्यासारखं फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, कुत्र्यासारखं बसतं, मागे सरकत जातं आणि झटके येऊन पडतं. हे एक-दोन दिवसांत होतं. तांब्याच्या उणिवेसारखं हळूहळू होत नाही.

अशा वेळी घाबरून बादलीभर पाणी पुढे ठेवू नका. एकदम पोटभर पाणी प्यायलं तर मेंदूची सूज वाढते. थोडं थोडं पाणी पुन्हा पुन्हा द्या, खारट खाद्य बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

मग करायचं काय?

पहिलं काम डुकरिणीचं. ती फळल्यापासून साधारण ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. पिल्लाच्या अंगातला खनिजांचा पहिला साठा या दिवसांत आईकडून येतो. तेव्हा गाभणपणी आणि दूध पाजताना तिच्या खाद्यात खनिज मिश्रण हवंच.

दुसरं काम पिल्लाच्या लोहाचं. जन्मताना त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असतं. रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम, आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १ मिलिग्रॅम. हिशेब तुम्हीच करा: आठवडा-दीड आठवड्यात शिल्लक संपते. मग पिल्लू पांढरं पडतं, धापा टाकतं, हगवण लागते, आणि सर्वांत गुबगुबीत असलेलंच आधी मरतं. यासाठी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन डॉक्टरांकडून टोचून घ्या. इंजेक्शनची सोय नसेल तर अर्धा किलो हिराकस दहा लिटर पाण्यात विरघळवून, पिल्लं खाऊ लागेपर्यंत, ते पाणी रोज डुकरिणीच्या थानांना लावा. हे लोह अंगात वापरलं जायलाही तांबं लागतं, बरं का.

तिसरं काम रोजच्या खाद्याचं. शंभर किलो खाद्यात दीड ते दोन किलो खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ मिसळा. खाद्य आधीच खारट असेल तर वरून मीठ घालू नका. मिश्रणाच्या पिशवीवर डुकरांसाठी वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळा, आणि त्यात तांबं, जस्त, लोह, मँगनीज, आयोडीन आहे का तेही वाचून घ्या. मिश्रण आधी पाच किलो कोंड्यात कालवा, मग सगळ्या ढिगात फिरवा. नाहीतर एकाच्या वाट्याला मूठभर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं. हॉटेलचं खरकटं उकळूनच घाला. स्वच्छ पाणी दिवसरात्र पुढे असू द्या.

मोरचुदाला हात लावू नका

तांबं कमी आहे म्हटल्यावर काहींना सुपारीवर किंवा द्राक्षावर मारायला आणलेल्या मोरचुदाची आठवण होईल. मोरचुदात तांबं असतं हे खरं. पण शंभर किलो खाद्याला लागतं जेमतेम अर्धा ग्रॅम तांबं! एवढं घरच्या तागडीत मोजता येणार नाही. चिमटीने घातलेला मोरचूद सहज विष होतो. तांबं जास्त झालं तर जनावराला कावीळ होते, रक्त कमी होतं आणि ते मरतं. मोरचूद फवारणीपुरताच ठेवा. खनिज मिश्रणात तांबं योग्य मापाने घातलेलं असतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• गाभण डुकरिणीपासूनच खनिज मिश्रण चालू करा.
• तिसऱ्या दिवशी पिल्लांना लोह टोचून घ्या.
• पाणी कधीही तोडू नका, खारट खरकटं घालू नका.
• एक पिल्लू डुललं, की त्याच दिवशी खाद्य तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. जनावरांच्या दवाखान्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.
• ताप आणि मरतूक दिसली तर जनावरं हलवू नका.

खनिज मिश्रणाच्या एका पिशवीला पैसे पडतात हे खरं. पण पाय गेलेल्या एका पिल्लाची किंमत तिच्याशी ताडून पाहा, आणि येत्या बाजाराला डुकरांचं खाद्य घ्याल तेव्हा ती पिशवीही बरोबर घ्या.