मिस्सा, मोर्चा आणि मळा

जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षपदी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. उर्वरित महाराष्ट्र त्यांना 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे लेखक म्हणून ओळखत होता. वसईतल्या जुन्याजाणत्यांच्या मनात मात्र त्यांचं नाव आधी जोडलेलं आहे ते 'हरित वसई' चळवळीशी. सकाळी वेदीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करणारा हा माणूस दुपारी शेतकऱ्यांच्या मोर्चात असे, आणि दोन्हींत त्याला कधी विसंगती वाटली नाही.

ती का वाटली नाही, हाच या लेखाचा विषय आहे. प्रार्थना माणसाला जगापासून दूर नेते आणि अन्यायाविरुद्ध लढायचं तर देव्हाऱ्यातून बाहेर पडावं लागतं, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. आपल्याच आसपासच्या कॅथलिक समाजांचा इतिहास वेगळं सांगतो. जिथे प्रार्थना खरी होती, तिथे ती माणसांना घराबाहेर काढत आली आहे.

मजुरीचा प्रश्न, श्रद्धेचा प्रश्न

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढलं. युरोपातल्या कारखान्यांत माणसं पिळून निघत होती. कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढी मजुरी मिळाली पाहिजे आणि संघटना बांधणं हा त्याचा हक्क आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. चर्चच्या सामाजिक शिकवणीचा आधुनिक पाया इथे घातला गेला. मे २०२५मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतलं, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवूनच.

दुसरं मोठं वळण म्हणजे १९६२ ते १९६५ या काळातली दुसरी व्हॅटिकन परिषद. तिने उपासना लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आणली आणि गरिबांचं सुखदुःख हे श्रद्धावंतांचंही सुखदुःख असल्याचं ठामपणे सांगितलं. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. त्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचा एक भाग असतो. आजाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, पावसासाठी, बेकारांसाठी लोक एकेक मागणं मांडतात आणि सारा समुदाय त्याला साद देतो. गावाचं दुखणं दर रविवारी देवापुढे मोठ्याने मांडलं जाऊ लागलं, की त्यावर आपण काय करतो आहोत हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही.

सावकारी पाशातून

वसईत ही जाणीव परिषदेच्या कितीतरी आधी रुजली होती. इथला कॅथलिक समाज मुख्यतः शेतकरी, बागायतदार आणि कोळी. केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला हे त्याचं धन. आणि एक हंगाम बुडाला की सावकाराचा उंबरठा. १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. धर्मगुरूने शेतकऱ्याला धीर धरायला तर सांगितलंच, पण रास्त व्याजाने कर्ज मिळण्याची सोयही लावून दिली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती संस्था उभी आहे.

बावखल आणि बुलडोझर

हरित वसईचा लढा समजून घ्यायचा तर आधी बावखल पाहायला हवं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्यांच्या मधोमध, माणसांनी खोदलेली गोड्या पाण्याची ही तळी. काठाला झाडांची दाटी, बाजूला केळीची बाग, पूर्वी त्यावर रहाट चालायचा. पावसाळ्यात बावखल तुडुंब भरतं, पाणी सावकाश जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. समुद्र आणि खाडी यांच्या कुशीतली ही जमीन. पोटातल्या गोड्या पाण्याचा दाब कमी झाला, की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा विहीर खारट झाली की मळा संपला. कोणत्याही सरकारी योजनेविना पूर्वजांनी हा तोल राखला होता.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईची घरांची भूक वसईपर्यंत पोचली. शेतजमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या. १९९०मध्ये नियोजनाची सूत्रं सिडकोकडे गेली. उभ्या राहणाऱ्या इमारतींना पाणी हवं होतं. ते गावांतल्या विहिरींतून उपसून टँकरने नेलं जाऊ लागलं. जोडीला जमिनीच्या व्यवहारांतली गुंडगिरी होती. तिच्याविरुद्ध बोलायला माणसं कचरत होती.

अशा वेळी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिचं नेतृत्व करू लागले. समितीत सर्व धर्मांची माणसं होती, प्रश्नही सगळ्यांचा होता. पण चळवळीला लागणारी एक गोष्ट वसईत आधीपासून तयार होती. निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव, गिरीज अशा गावोगावी धर्मग्राम, म्हणजे चर्चभोवतीचा श्रद्धावंतांचा समुदाय, होतं. तिथे आठवड्यातून एकदा सारा गाव एकत्र येई. सूचना वाचून दाखवल्या जात. वाडीवाडीत रोझरीच्या प्रार्थनेसाठी जमणाऱ्या बाया एकमेकींना नावानिशी ओळखत. निरोप पोचवायला वेगळी यंत्रणा लागली नाही. 'सुवार्ता' मासिक घराघरांत जात होतं. १९८३पासून त्याची सूत्रं हाती घेतलेल्या दिब्रिटोंनी त्यात बायबलच्या बरोबरीने पाणी, जमीन आणि लोकशाही यांवर लिहिलं, लिहवून घेतलं.

प्रार्थनेने या लढ्याला आणखी दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे निर्भयता. एकटा शेतकरी धमकीपुढे वाकतो. शेजाऱ्यांसोबत गुडघे टेकून उठलेला शेतकरी सहसा वाकत नाही. दुसरी म्हणजे संयम. ज्याच्यासाठी नुकतीच प्रार्थना केली, त्याच्यावर दगड उचलणं कठीण जातं. त्यामुळे चळवळ आक्रमक राहिली, पण हिंसक झाली नाही.

लढा सगळाच्या सगळा जिंकला गेला, असं म्हणता येणार नाही. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. कितीतरी बावखलं भरावाखाली गेली. जुलै २०१८च्या पावसात शहर काही दिवस पाण्याखाली राहिलं, तेव्हा पाणी मुरवणाऱ्या जागा गिळल्याची किंमत सगळ्यांनाच कळली. तरीही पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवाई उरली आहे, तिच्यामागे त्या वर्षांचा संघर्ष आहे. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळा काढता येत नाही असं सांगितलं, तेव्हा वसईकरांना ते नवं वाटण्याचं कारण नव्हतं.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

पाण्याचीच दुसरी कथा अहिल्यानगर जिल्ह्यातली. मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी या दुष्काळी मुलखात आयुष्याची कित्येक दशकं घालवली. दुष्काळात धान्य वाटलं तरी भूक दरवर्षी परत येते, हे त्यांनी पाहिलं. त्यातून पाणलोट विकासाचा भारत-जर्मन कार्यक्रम आकाराला आला. १९९३ साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. पद्धत शिस्तीची होती. काम डोंगरमाथ्यापासून सुरू करून पायथ्याशी यायचं, गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, निर्णय ग्रामसमितीने घ्यायचे. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं गाव. तिथल्या लोकांचा धर्म कोणता, हा प्रश्न कामाच्या आड आला नाही. दानाकडून हक्काकडे आणि उपकाराकडून स्वावलंबनाकडे जाणारी ही वाट होती.

मोजलेली किंमत

ही वाट चालणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया ही केरळची धर्मभगिनी काम करत होती. आदिवासी शेतमजुरांना बचतगट आणि बँकेचं कर्ज मिळू लागलं, तसे सावकार बिथरले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये तिची हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंग याला तिच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉलने, तुरुंगात जाऊन राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला संमती दिली आणि २००६ साली तो सुटला. हे दुबळेपणाचं लक्षण मानू नये. सेल्मीने मारेकऱ्याला माफ केलं; शोषणाला नाही.

झारखंडात विनाखटला तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांची बाजू मांडणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२०मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचं निधन झालं. जामिनाचा अर्ज तेव्हाही उच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि खटला उभा राहिलेला नव्हता. देशभर अनेक चर्चमधून त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. खटल्याविना माणसाला किती काळ कोंडून ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न आपणा सर्वांसाठी शिल्लक आहे.

स्वतःच्या अंगणात

न्यायाची मागणी बाहेर करणाऱ्याने आधी घरात पाहायला हवं. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित राहिले. १० ऑगस्ट हा त्या आदेशाचा दिवस ख्रिस्ती संघटना काळा दिवस म्हणून पाळतात, निदर्शनं करतात, प्रार्थनासभा घेतात. ती मागणी न्याय्य आहे. पण जातीची उतरंड चर्चच्या दारात थांबली नाही, हेही तितकंच खरं. २०१६मध्ये भारतातल्या बिशपांच्या परिषदेने दलितविषयक धोरण जाहीर करून चर्चमध्येही जातिभेद चालतो, हे मान्य केलं. कबुली हा कॅथलिक परंपरेत संस्कार आहे. तिच्यामागून प्रायश्चित्त यावं लागतं. ते धर्मग्रामांच्या कारभारात, दफनभूमीत आणि लग्नसंबंधांत दिसेल, तेव्हाच ही कबुली पूर्ण होईल.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांची आणि त्यांच्यासारख्यांची शिकवण एका समाजापुरती नाही. मंदिर, मशीद, विहार, गुरुद्वारा, चर्च, जिथे म्हणून माणसं नेमाने जमतात, तिथे गावाचं पाणी, मजुराची रोजी आणि तुरुंगातल्या निरपराधाचं नाव प्रार्थनेत यायला काहीच हरकत नाही. वाचकहो, या दिवाळीत आपापल्या देवस्थानच्या मंडळाला एवढंच विचारा: आपण देवाकडे जे मागतो, त्यातलं किती आपल्याच हातून होण्याजोगं आहे? उत्तर मिळालं, की तिथूनच कामाला लागा.