संदेश गेला, जागा अडली

बंद करून पुन्हा सुरू केला की संगणक सुरळीत चालतो, हा अनुभव शाळेच्या संगणक कक्षात अनेकदा येतो. असे का होते, हे विद्यार्थी विचारतात तेव्हा उत्तर देणे थोडे जड जाते. त्याचे एक कारण म्हणजे वापरून झालेली स्मृती मोकळी न होणे.

एखादा संदेश हाताळायचा असला की आज्ञावली स्मृतीत तेवढी जागा मागून घेते, संदेश तिथे ठेवते, वाचते, पुढे पाठवते. मग जागा परत करायची असते. सी भाषेत ही परतफेड आज्ञावली लिहिणाऱ्यानेच आठवणीने करायची. संदेश मध्येच तुटला तर काय करायचे, अशा क्वचित वापरल्या जाणाऱ्या भागात तो ती विसरतो आणि जागा अडून राहते. एका संदेशामागे ४ किलोबाइट अडले आणि तासाला १००० संदेश आले, तर ४ गिगाबाइट स्मृती भरायला सुमारे १००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस लागतील. चाचणी दोन दिवसांची असेल तर दोष दिसणारच नाही. उलट प्रत्येक संदेश २० मेगाबाइटचा नकाशा असेल आणि तो सगळाच अडून राहिला, तर २०० संदेशांतच स्मृती संपते. (हे गणित फळ्यावर जरूर करून घ्यावे.)

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२ साली असेच घडले. गाड्या पाठवण्याची नवी संगणक यंत्रणा २६ ऑक्टोबरला सुरू झाली. पहिल्या दोन दिवसांतल्या गोंधळाची कारणे वेगळी होती. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मात्र यंत्रणा मंदावली आणि ठप्प झाली. कर्मचाऱ्यांना पुन्हा हातानेच काम चालवावे लागले. चौकशीत आढळले ते असे : आज्ञावलीत चुकून राहून गेलेला एक लहानसा तुकडा दर वेळी गाडी रवाना करताना मुख्य संगणकाची थोडी स्मृती घेत होता आणि परत देत नव्हता. तीन आठवड्यांत ती सगळी संपली.

जागा परत केली तरी प्रश्न संपतोच असे नाही. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्याचा विचार करू. समोर खांदेरी, अलीकडे वाळूवर पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या होड्या. समजा, ओळीतल्या लहान होड्यांपैकी एकाआड एक काढून नेली. निम्मी जागा मोकळी झाली. पण मोठी नौका लावायला सलग जागा कुठेच नाही! मोठ्या संदेशाची अडचण हीच. होड्या निदान सरकवता येतात. स्मृतीतली वस्तू सरकवायची तर तिचा पत्ता जिथे जिथे नोंदलेला असेल तिथे तिथे बदलावा लागतो.

जावासारख्या भाषांत नको असलेली स्मृती गोळा करणारा झाडूवाला असतो. मात्र ज्या वस्तूकडे कोणाचाच निर्देश उरलेला नाही, तीच तो उचलतो. पाठवलेल्या संदेशाची नोंद एखाद्या यादीत राहिली, तर तो तिला हात लावत नाही. शिवाय वेग वाढावा म्हणून काही आज्ञावल्या रिकामी पात्रे जपून ठेवतात. एकदा मोठा संदेश आला की पात्र फुगते आणि पुढे चार ओळींच्या संदेशांसाठीही तसेच फुगलेले राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ही गळतीच वाटते.

ठराविक वेळाने यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करणे, हा उपाय सर्रास वापरतात. आम्हाला तो मलमपट्टीसारखा वाटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. अशा दिवशी इशारे, नकाशे, उपग्रहचित्रे यांची रीघ लागते, आणि यंत्रणा नेमकी तेव्हाच भरून बंद पडण्याचा संभव सर्वाधिक.

त्यापेक्षा संदेशाच्या आकाराला मर्यादा घालावी आणि तो तुकड्यातुकड्यांनी वाचावा. होडीतली मासळी टोपलीटोपलीनेच उतरवतात. त्यासाठी होडीएवढी टोपली कोणी विणत नाही. ६४ किलोबाइटची एकच टोपली भरायची, पुढे रिकामी करायची, पुन्हा भरायची. मग संदेश २० मेगाबाइटचा असो की २०० चा, वाचताना एका वेळी अडतात ते ६४ किलोबाइटच.