सातबाऱ्यात न सापडणारी माणसं

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसिलींच्या अभिलेख कक्षांतले जुने रुमाल सुटले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. हवा होता जातीचा दाखला; पण त्या निमित्तानं अनेक घरांत पणजोबांच्या नावाचा कागद पहिल्यांदा आला. ही उत्सुकता दाखल्यापाशी थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

घराण्याचा शोध घेणारा बहुधा सातबाऱ्यापासून सुरुवात करतो. जमीन असेल तर ते ठीकच. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, आणि वारसांचे फेरफार एकामागून एक लावले की तीन-चार पिढ्या उलगडतात. पण हा कागद जमिनीसाठी लिहिलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, तो त्यात कुठून येणार?

त्याला शोधायचं ते कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये. गावातल्या जन्म-मृत्यूंची ही नोंदवही. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. तरीही नोंद असते, शेतमजुराच्या घरचीही. इथं फक्त आपलं आडनाव शोधून वही मिटू नये. 1918 च्या आश्विन-कार्तिकातली पानं हाती लागली, तर सबंध वाचावीत. मानमोडीची साथ तेव्हा गावोगाव होती. मृत्यूचं कारण पुष्कळदा नुसतं ‘ताप’ असं लिहिलेलं. एकाच घरातले मृत्यू पाठोपाठ आले असतील, तर त्यानंतर ते कुटुंब गाव सोडून का गेलं याचं उत्तर तिथंच मिळू शकतं.

इंग्रजांच्या आधीच्या काळासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. तिथं मोडीबरोबर कालगणनाही यावी लागते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1161. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यानं त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. येतं 1760-61, पानिपताचं वर्ष. वतनदार, इनामदारांच्या वंशावळी मात्र जपून वाचाव्यात. 1852 च्या कायद्यानं बळ मिळालेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबित करायला लोकांनी कैफियती दिल्या. त्यांतल्या वंशावळी दाव्यासाठी मांडलेल्या होत्या. दाव्याशी संबंध नसलेली शाखा तिथं नसली, म्हणून ती नव्हतीच असं धरू नये.

काही माणसांची नोंद तर समुद्रापलीकडे आहे. कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांची नावं, बापाचं नाव, वय, गाव आणि जहाज तिथल्या नोंदवह्यांत आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या जपल्या आहेत. गावच्या दप्तरात ज्याचं नाव कधी चढलं नाही, त्याचा तिथं छायाचित्रासह माग लागू शकतो.

सगळ्यांत अवघड शोध बायकांचा. जुन्या फेरफारात स्त्री बहुधा विधवा म्हणून दिसते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली. अनेकदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड करून ती कमीही झाली. तो दुसरा फेरफार टाकून देऊ नका. मुलीचं सासरचं गाव त्यात सापडतं.

त्याआधीच्या पणजीसाठी मी एकच वाट सुचवीन. घरातल्या थोरल्या मुलाचा जन्म गावच्या कोतवाल बुकात मिळत नसेल, तर नोंद हरवली असं समजू नये. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. म्हणून नकलेचा अर्ज आजोळच्या तालुक्यात करावा. आजोळचं गाव घरात कुणालाच आठवत नसेल, तर आसपासच्या ज्या गावांशी सोयरीक होत असे, त्यांच्या वह्या त्या सालापुरत्या पाहाव्यात. जन्माच्या त्या नोंदीत पणजीचं नाव नसेलही, पण तिचं गाव कळेल आणि तिच्या बापाभावांची नावं त्याच वहीच्या आधीच्या पानांत शोधता येतील.