भोगीची भाजी नवरात्रात पेरतात

हस्ताचा पाऊस ढोल वाजवत येऊन गेला, की सातारा-सांगलीकडच्या घरांतून दोन वस्तू बाहेर पडतात. एक म्हणजे पावसाळ्यात दमट वास धरलेल्या गाद्या आणि दुसरी, कोपऱ्यात गंजत पडलेलं खुरपं. गाद्यांचं काम दुपारच्या एका उन्हात भागतं. खुरप्याचं काम मात्र तिथून पुढे दिवाळी उलटेपर्यंत चालतं. घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अर्ध्या-पाऊण गुंठ्याचा जो तुकडा असतो, त्या परसाचं वर्ष आपल्याकडे खऱ्या अर्थानं आता सुरू होतं.

पावसाळ्यात परस वाढतं ते पावसाच्या मर्जीनं. दोडका, घोसाळी, पडवळ आपापले मांडव शोधून घेतात, अळू माजतं आणि त्यांच्याहून जोमानं तण माजतं. घरच्या माणसानं छत्री घेऊन जायचं, हाताला लागेल ती भाजी तोडायची आणि चिखलाचे पाय धुवायचे, एवढंच. दसरा-दिवाळीत मात्र सूत्रं माणसाच्या हाती येतात.

विलायतेत नेमकं याच्या उलट आहे. तिथे घराला अंगण नसलेल्या शहरी कुटुंबांना भाजीपाल्यासाठी थोड्या भाड्यानं जमिनीचा तुकडा देण्याची पद्धत जुनी आहे. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. मागणी झाली तर असे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य आहे, असं 1908 च्या कायद्यानं ठरवून टाकलं. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात अडीच गुंठ्यांच्या आसपास. तिथला बागकरी ऑक्टोबरात घेवड्याच्या काठ्या उपटून बांधून ठेवतो, वाफ्यांवर खत पसरतो, लसणाच्या पाकळ्या टोचतो आणि वसंताची वाट बघत बसतो. त्याचा हिवाळा हा बागेच्या झोपेचा, तर आपला हिवाळा बागेच्या भराचा.

आपल्या परसाचं वेळापत्रक समजून घ्यायचं असेल, तर भोगीपासून मागे मोजत यावं. भोगी बहुधा 13 जानेवारीला येते. त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत गाजर, वांगं, पावटा, घेवडा, मटार, ओला हरभरा हवा. गाजराला ऐंशी-नव्वद दिवस लागतात, म्हणजे बी दसऱ्याच्या सुमारास मातीत पडायला हवं. मटाराला दोन-अडीच महिने. वांग्याचं रोप लावल्यापासून पहिलं वांगं हाती यायला साधारण दोन महिने, पण त्याआधी रोप तयार व्हायला महिनाभर. शिवाय भोगीच्या आधी चंपाषष्ठी येते आणि चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्या घरांना त्या दिवशी भरीत लागतंच. तेव्हा वांग्याची रोपं गणपतीच्या आगेमागे टाकलेली बरी. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा आणि मेथी तर महिन्याची पाहुणी. ती डिसेंबरात फेकली तरी चालते.

पावट्याचं गणित वेगळं. कुंपणावरचा जुना गावठी पावटा जूनमध्ये पेरलेला असतो, पण चार महिने नुसती पानं दाखवतो. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज तो फुलावर येतच नाही. पंचांग न वाचताही त्याला कार्तिक कळतो. नवीन माणूस सप्टेंबरात कंटाळून तो वेल काढून टाकतो. जाणती बाई म्हणते, “असू दे, थंडी पडू दे.”

आता मातीकडे वळू. या दिवसांतला परवलीचा शब्द म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. भुगा झाला तर वाफसा आहे. थप्पकन बसला तर अजून थांबायचं. सांगलीकडच्या काळ्या मातीत हा वाफसा काही दिवसांचाच असतो. तो चुकला की ऑक्टोबरच्या उन्हात जमीन विटेसारखी होते आणि कुदळीला ठिणग्या उडायच्या बाकी राहतात. म्हणून एवढ्या दिवसांत तण बी धरायच्या आत उपटायचं, ते शेणाबरोबर खड्ड्यात टाकायचं, मुरलेलं शेणखत आणि चुलीची राख मातीत मिसळायची, वाफे बांधायचे.

या दोन जिल्ह्यांत पाण्याची तऱ्हा तरी एक कुठे आहे? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. वाई-पाटणकडचं परस ऑक्टोबरात पाणी निचरण्याची वाट बघतं आणि माणदेशातलं परस न्हाणीच्या पाण्यावर जगतं. तिथे आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी चर काढून आळ्यांत सोडलेलं असतं. चार कढीपत्त्याच्या डहाळ्या, दोन वांगी, एक शेवगा. पण तेवढ्यावर बाजाराला न जाता आठवड्यातले दोन दिवस निघतात.

कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट. नदी उतरली की काठच्या मळीत गाळाचा थर उरतो आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचा लौकिक याच मातीतला. पण नदी देते तशी नेतेही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी आहे 45 फूट. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस रेंगाळला आणि द्राक्षबागांबरोबर परसातले नुकते उगवलेले वाफेही झोडपून गेला. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा वेळी धान्य, कपडे, भांडी यांची भरपाई आज ना उद्या होते. फडताळातल्या गाडग्यात राखेत घातलेलं बी एकदा भिजलं की त्याची भरपाई कुणी द्यायची?

मी बँकेत नोकरी केली. पीककर्जाच्या कागदांवर ऊस, द्राक्षं, हळद, सोयाबीन यांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहिल्या. शेताच्या पाहणीला गेलो की घरधनी बांधावर घेऊन जाई. घरामागे बाईनं लावलेल्या वाफ्यांकडे कुणी बोट दाखवत नसे. त्याला कागदात रकानाच नव्हता. परसाची मालमत्ता म्हणजे तरी काय? मूठभर बी. ते सासूकडून सुनेकडे, माहेराहून सासरी, या घरातून त्या घरात असं आजवर चालत आलं.

आणि शरदातलं खरं काम हेच आहे. पेरणी सगळ्यांना दिसते, बी राखणं कुणाला दिसत नाही. वेलावरचा सर्वांत चांगला दोडका तोडून खायचा मोह टाळावा लागतो. तो वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. पहिल्या बहरातलं जोमदार वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं. काकडीच्या, भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला चिकटवायच्या. घेवड्याच्या शेंगा उन्हात कडकडीत वाळवून, राखेत घालून, गाडग्याचं तोंड लिंपायचं. आजच्या घरात चूल नाही, शेण नाही. तिथे कोरडी काचेची बरणी आणि कडुलिंबाचा वाळका पाला चालतो. मात्र बरणी बंद करण्याआधी बी दाताखाली कटकन तुटलं पाहिजे.

सुरुवात घेवडा, पावटा, चवळी यांपासून करावी. त्यांचं परागीकरण बहुतेक आपल्याच फुलात होतं, त्यामुळे बी आईसारखंच निघतं. दोन जातींच्या काकड्या शेजारी लावल्या, तर मधमाश्या त्यांची सोयरीक जुळवतात आणि पुढच्या वर्षी तिसरंच काही उगवतं. संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेल्या झाडाचं बी राखून तोच माल मिळत नाही, हेही ध्यानात असावं. ते पाकीट वाईट असं नव्हे. पण दर वर्षी ते विकतच आणावं लागतं आणि दुकानात जे नसेल ते तुमच्या ताटातूनही जातं.

बी उगवेल की नाही, याची परीक्षाही आपल्या सणात बसवलेली आहे. घटस्थापनेला टोपलीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, तीत धान्य पेरतात, मधोमध मातीचा घट ठेवतात. घटातून पाझरणाऱ्या पाण्यावर ते धान्य उगवतं आणि दसऱ्याला तेच कोंब टोपीत, फेट्यात खोवतात. रब्बीच्या तोंडावर घराघरांत होणारी ही बियाण्याची चाचणीच, असं जाणती माणसं सांगतात. ते पटो न पटो, घरचं बी पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. आठ उगवले तर निर्धास्त. पाचच उगवले तर दुप्पट पेरा.

हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाणांचं बी जमवलं, राखलं, वाटलं आणि 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. आपल्याकडे कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्यानं आपलं बी राखावं, पेरावं, दुसऱ्याला द्यावं, हा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं मान्य केला आहे. पण मानांकन कागदावर टिकतं, वाण मात्र कुणीतरी पेरलं तरच. घरं वाढली, परसावर फरश्या आल्या, मोटार उभी राहिली. यात दोष कुणाचा काढायचा? गच्चीवरच्या दोन कुंड्यांत घेवड्याचा एक वेल मात्र अजून मावतो.

एक जुना नियम तेवढा पाळावा. सगळं बी एका दिवशी मातीत घालू नये. निम्मं दसऱ्याला पेरावं, थोडं दिवाळीनंतर. उरलेलं मुदतठेवीसारखं, काही झालं तरी न मोडता ठेवावं. परतीचा पाऊस आता पूर्वीसारखा वेळ पाळत नाही. पहिला हप्ता बुडाला तर दुसरा हाताशी हवा.

आणि भोगी झाली की संक्रांत येते, घरोघर हळदीकुंकू होतं, वाण लुटलं जातं. प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या कुणाच्याच घरी कमी नाहीत. या ऑक्टोबरात वाळवलेलं दोडक्याचं, पावट्याचं, वाघ्या घेवड्याचं बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं, वर नाव आणि साल घातलं, तर जानेवारीत तेच वाण म्हणून देता येईल. घेणारीनं ते जूनमध्ये पेरावं. मग पुराच्या पाण्यात एका घरातलं गाडगं गेलं, तरी ते बी दुसऱ्या कुणाच्या तरी कुंपणावर चढलेलं असेल.