२८ थ्रेडचा झिऑन काही हजारांत मिळतोय, पण तो तुमच्या कामाचा आहे का?

स्क्रोल करताना ही रील तुमच्याही समोर आली असेल. एक जण हातात प्रोसेसर धरून सांगतो, "१४ कोअर, २८ थ्रेड, एकेकाळी लाखाच्या वर किंमत होती, आता काही हजारांत." खाली कमेंट्सचा पाऊस, "भाऊ, लिंक दे." मग नागपुरात बर्डीला पीसी असेंबल करायला निघालेल्या पोराच्या डोक्यात किडा वळवळतो. सहा कोअरच्या आय५ साठी एवढे पैसे का घालवायचे?

गंमत म्हणजे रीलवाला खोटं बोलत नाहीये.

अशा रील्समध्ये हमखास दिसणारा प्रोसेसर म्हणजे इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४. २०१६ साली आला तेव्हा त्याची किंमत १,७४५ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने लाखाच्या वरच. मोठी डेटा सेंटर्स काही वर्षांनी सर्व्हर बदलतात, जुने प्रोसेसर ढिगाने बाहेर पडतात. चिनी कंपन्या त्यांच्यासाठी स्वस्त मदरबोर्ड बनवतात आणि ही जोडी आपल्यापर्यंत पोहोचते.

या खानदानाचं नावही मोठं आहे. पुण्याच्या आयआयटीएममध्ये जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला, मान्सूनचा अंदाज काढण्यासाठी. त्यात याच पिढीचे १८ कोअरचे झिऑन होते, एकूण कोअर १ लाख १९ हजारांच्या वर. आता मजा बघा, त्या प्रत्येक प्रोसेसरचा मूळ वेग फक्त २.१ गिगाहर्ट्झ. घरातल्या साध्या आय३ पेक्षाही कमी! मग देशाचं हवामान त्यावर कसं चालायचं?

कारण ते काम वाटून देता येतं. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे छोटे छोटे चौकोन पाडतं. काही चौकोन या कोअरला, काही त्या कोअरला. सगळे एकाच वेळी आपापलं गणित करतात आणि शेजाऱ्याला आकडे कळवत राहतात. इथे एका कोअरचा वेग थोडा कमी असला तरी चालतं, कोअरची संख्या महत्त्वाची. शिवाय मशीन दिवसरात्र चालणार, म्हणून मेमरीतली चूक आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम लागते. एका बोर्डावर दोन प्रोसेसर बसवता यावेत, शेकडो जीबी रॅम लावता यावी, हेही हवं. सर्व्हर प्रोसेसरचे पैसे या गोष्टींचे असतात. २०२४ मध्ये आयआयटीएमला नवा महासंगणक 'अर्का' मिळाला. त्यातही एएमडीचे सर्व्हर प्रोसेसरच आहेत.

आता आपल्या घरात येऊ.

तर्री-पोह्याच्या गाड्याचं घ्या. शंभर प्लेटची ऑर्डर आली तर १४ माणसं कामाला येतील. पण तुम्हाला एकच प्लेट हवी असेल तर? एकच माणूस ती लावणार, बाकीचे १३ बघत उभे राहणार. आणि तर्री उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच, माणसं कितीही वाढवा. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. काम अर्धंच वाटता येत असेल, तर एका कोअरच्या तुलनेत ६ कोअर ते साधारण १.७ पट वेगाने करतात. १४ कोअर? १.९ पटीच्याही आत. कोअर दुपटीहून जास्त, फायदा मात्र एवढासाच.

घरातली बहुतेक कामं अशीच असतात. ब्राउझर, एक्सेल, फोटोशॉप, बरेचसे गेम एक-दोन कोअरच्या वेगावर अडतात. या झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ३.३. २०२२ चा आय५-१२४०० थेट ४.४ पर्यंत जातो. शिवाय नवा कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात जास्त काम उरकतो, त्यामुळे नुसते गिगाहर्ट्झ बघून फरक पूर्ण कळत नाही. एकाच कोअरच्या कामात आय५ दीड पटीहून वेगवान आहे. सगळे कोअर कामाला लावले तर? १४ विरुद्ध ६ असूनही दोघं साधारण बरोबरीत येतात. इथेच रीलची हवा निघते.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावंच लागणार. आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे (नावापुढे 'एफ' असेल तर नाही, दुकानात नीट बघा) आणि सोबत क्विक सिंक येतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांचं १०-बिट एच२६५ फुटेज ते हार्डवेअरमध्येच उलगडतं. असं फुटेज टाइमलाइनवर टाकल्यावर १४ कोअरना घाम फुटतो, तिथे आय५ निवांत असतो.

घामावरून आठवलं, नागपूरचा मे महिना. सर्व्हर एसी खोलीत राहायला बनलेला असतो, आपल्याकडे ४५ अंशांत खिडकीतला कूलर. झिऑनचं जुनं मशीन रिकामं बसलं तरी जास्त वीज खातं. सरासरी ५० वॉटचा फरक धरा, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस. झाले १२० युनिट. १० रुपये युनिट धरलं तर वर्षाला १,२०० रुपये. दोन-तीन वर्षांत 'स्वस्त'मधला बराच भाग महावितरणच्या बिलात जातो.

आणखी एक अडचण. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही. जुगाड करून चालतं, पण ऑफिसच्या मशीनवर मी तरी करणार नाही. बोर्डाची वॉरंटी आणि बायोस अपडेट यांचीही फार आशा ठेवू नका.

मग घ्यायचाच नाही का? तसंही नाही. इंजिनिअरिंगला असाल, एकाच वेळी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन चालवून सर्व्हरचं काम शिकायचं असेल, लिनक्स चालणार असेल, तर एवढ्या पैशांत एवढे कोअर आणि एवढी रॅम दुसरीकडे मिळणं अवघड. ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रात्रभर रेंडर लावणाऱ्यांनाही हा परवडतो.

बर्डीला जाण्याआधी एक करा. सध्याच्या मशीनवर तुमचं रोजचं काम सुरू करा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा. सगळे चौकोन भरलेले दिसले तर झिऑनचा विचार करा. एक-दोनच भरलेत आणि बाकीचे रिकामे, तर दुकानदाराला आय५ चाच भाव विचारा.