गोळीच्या आधीची बाटली

चांदवडहून निघालेल्या थंड पेटीत लघवीच्या नमुन्यांच्या बाटल्या आहेत. नाशिक सुमारे 65 किलोमीटर, रस्ता महामार्गाचा. पण नमुन्याला उशीर बाधतो. उघड्यावर ठेवला तर त्यातला ई. कोलाय हा जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, आणि दोन तासांनंतर आकड्यावर भरवसा राहत नाही. बर्फात जंतू मरत नाही, नुसता थबकतो.

लॅबमधली ताई तारेचा लूप बाटलीत बुडवते. त्यात मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. मॅकॉन्की आगर या जंतू वाढवायच्या माध्यमावर रेघा ओढून प्लेट 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपके. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला लाखभर जंतू. एवढे असले की सहसा संसर्ग धरतात.

आरोपी सापडला, पण त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे अजून कळायचं आहे. ठिपके सलाइनमध्ये कालवून गढूळपणा ठरल्या मापाशी जुळवायचा, ते मिश्रण बोळ्याने दुसऱ्या प्लेटवर सारवायचं आणि वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. ही पद्धत बाउर आणि किर्बी यांनी 1966 मध्ये मांडली. रात्रभरात औषध पसरतं. जंतू हरला तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण उरतं. ताई पट्टीने मोजते. सिप्रोफ्लॉक्सासिनला 26 मिलिमीटर किंवा जास्त हवं. 21 किंवा कमी म्हणजे औषध निकामी. मी पाहिलेल्या प्लेटवर जंतू सिप्रोच्या चकतीला खेटून वाढला होता. जुन्या, स्वस्त नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र ऐसपैस मोकळी जागा!

यात नवल नाही. जुलाब असो, जळजळ असो, दुकानात सिप्रोचं नाव सांगितलं की स्ट्रिप कापून दोन गोळ्या हातात. चिठ्ठीशिवाय ही विक्री बेकायदा आहे. काही वरच्या फळीतल्या प्रतिजैविकांसाठी तर 1 मार्च 2014 पासून रुग्णाचं नाव वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायची आहे.

रुग्णालयात, विशेषतः कॅथेटर घातलेल्यांत, प्रकरण आणखी गंभीर होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही न जुमानणाऱ्या 24 जंतूंचा अहवाल छापला. त्यातल्या 22 जंतूंत एनडीएम-1 हे ही औषधं मोडून टाकणारं एन्झाइम सापडलं.

ताईची तक्रार मात्र साधी आहे. काही प्लेट कोऱ्याच राहतात, कारण रुग्णाने आदल्या रात्री गोळी घेतलेली असते. संसर्ग असतो, जंतू उगवत नाही, दोन दिवस वाया. म्हणून डॉक्टरांनी ही जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, सांगितली तर बाटली पहिल्या गोळीआधी भरा; आधीच काही घेतलं असेल तर औषधाचं नाव लॅबच्या चिठ्ठीवर लिहा.